अठरा मिनिटांचा तक्ता

हार्लो लेक, मिनेसोटा
३ मार्च २००९

प्रिय लॉर्ना,

बेकफर्डच्या मुलींच्या सॉकर लीगची अध्यक्ष झालीस म्हणे. अभिनंदन करावं की सांत्वन, कळत नाही. नाव विचारलं तेव्हा बाकी सगळे स्वतःच्या बुटांकडे बघत होते आणि तू एकटीच वर बघत होतीस, एवढंच यात तुझं कर्तृत्व असणार. पण झालीस ना? मग आता तुझ्या हातात नऊ संघ आहेत आणि माझं तुझ्याकडे एक काम आहे.

फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो हो, ऑरिन" म्हणत भांडी घासतेस. कागदावरचं पुन्हा वाचता येतं.

नाताळात तुझी मारेन तुमच्या मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून बर्फात उड्या मारत होती. तुम्ही सगळे हसत होता. मी तिचे गुडघे बघत होतो. टेकताना दोन्ही गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात. उजवा जास्त. वर्षभरात पोरगी तीन इंच वाढली. हाडं पुढे गेली, स्नायू मागे राहिले. आमच्या सिग्नेचंही असंच होतं, पण तेव्हा काय बघायचं हेच मला ठाऊक नव्हतं. पंधराव्या वर्षी माझ्या मुलीच्या गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट तुटलं, सतराव्या वर्षी पुन्हा. आज ती चोवीस वर्षांची आहे आणि जिना उतरताना कठडा धरते.

मी तळघरातल्या हीटिंगच्या भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. पण या विषयावर छापलेलं जे जे मिळालं ते नऊ वर्षं ग्रंथालयातून मागवून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं आहे. प्रत्येक सरावाच्या आधी, आठवड्यातून किमान दोनदा, ठरावीक व्यायाम नीट केले तर मुलींमध्ये ही दुखापत निम्म्याच्या आसपास कमी होते. निम्मी, लॉर्ना. त्यातून मी चौदा व्यायामांचा क्रम बसवला आहे. एका पायावर तोल. गुडघे टेकून अंग ताठ ठेवत हळूहळू पुढे झुकणं. मागून जोडीदारिणीने घोटे धरायचे. उडी मारून आवाज न करता टेकणं. पळता पळता दिशा बदलणं. वाकताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. अंगठ्याच्या नव्हे, दुसऱ्या बोटाच्या. एकूण अठरा मिनिटं.

आकृत्या सोबत आहेत. नऊच्या नऊ संघांनी हे करायला हवं. मारेनच्या संघाने सर्वांत आधी.

तुझा भाऊ,
ऑरिन

—

बेकफर्ड
१९ मार्च २००९

प्रिय ऑरिन,

कोचांची बैठक चर्चच्या तळघरात झाली. तुझ्या आकृत्या वाटल्या. एकाने कागद उलटासुलटा करून विचारलं, "हा माणूस पडतोय की बसतोय?"

आमचे कोच म्हणजे कोण, ते तुला माहीत आहे. दिवसभर नोकरी करून साडेपाचला गळ्यात शिट्टी अडकवणारे आईबाप. मारेनचा कोच व्हर्न ओल्मस्टेड, टायरच्या दुकानाचा. त्याच्या कॉमेट्स संघाच्या मुली तीन वर्षं जिंकताहेत, म्हणून तो बोलला की बाकीचे माना हलवतात. तो म्हणाला, "लॉर्ना, मैदान मला एक तास मिळतं. आधीचा संघ पाच मिनिटं उशिरा हलतो. बूट बांधण्यात आणखी पाच. वर अठरा तुझ्या भावाला दिली तर बॉलला काय सांगू, घरी जा?"

लहान मुलींची कोच इडा म्हणाली, "जुलैत पारा नव्वद फॅरनहाइटवर असतो. पोरी आधीच भाजून निघालेल्या असतात, त्यांना आणखी कशाला तापवायचं?" मी सांगितलं, हे अंग तापवायला नाही, गुडघ्याला नीट सवय लावायला आहे. ती म्हणाली, "मग वॉर्म-अप कशाला म्हणता?" मी कॉफी ओतायला उठले.

पण ऐक. सगळे गेल्यावर खुर्च्या उचलायला व्हर्न मागे थांबला. म्हणाला, "आठ मिनिटांचं काही असेल तर दे. चार-पाच प्रकार. आठ मिनिटं मी खरोखर देईन." व्हर्नच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं. तो करायला लागला की बाकीचे आपोआप करतील.

आठ मिनिटांचं बसवून देशील का?

लॉर्ना

—

हार्लो लेक
२५ मार्च २००९

प्रिय लॉर्ना,

नाही.

भट्टी जोडत असताना गिऱ्हाईक म्हणालं, "घाई आहे, अर्धीच जोडा," तर मी हत्यारं उचलून चालू लागतो. अर्धी जोडलेली भट्टी विषारी वायू सोडते आणि घरातले झोपेत मरतात. आठ मिनिटं म्हणजे व्हर्नने स्वतःच्या मनाची केलेली समजूत. चौदांतले कोणते नऊ काढू? तोल काढू? टेकणं काढू? उद्या एखाद्या मुलीचा गुडघा गेला की हाच व्हर्न म्हणेल, "आम्ही तर करत होतो बुवा, काही उपयोग नाही." मग चूक त्याची नाही, माझी ठरेल.

१८ एप्रिलला शनिवार आहे. मी स्वतः येतो आणि सगळ्यांना शिकवतो.

सोबत तक्ता आखून पाठवतो आहे. तारीख, चौदा चौकटी, मिनिटं, खाली कोचची सही. तू फक्त एक नियम कर: रविवारपर्यंत तक्ता आला नाही तर त्या संघाला पुढच्या आठवड्यात मैदान नाही. माणसं गुडघ्याला घाबरत नाहीत, मैदान जाण्याला घाबरतात.

ऑरिन

—

बेकफर्ड
२५ मे २००९

प्रिय ऑरिन,

चार आठवड्यांचे तक्ते सोबत पाठवते आहे. नऊ संघ, सगळे पूर्ण, सगळ्यांवर सह्या. तुझा नियम चालला. एकाही संघाचं मैदान गेलं नाही.

एक गोष्ट तेव्हा बोलले नव्हते, आता बोलते. तू आलास त्या शनिवारी व्हर्नला सगळ्यांसमोर एका पायावर उभं केलंस आणि डोळे मिटायला लावलेस. तो आडवा झाला. ते ठीक. पण त्यानंतर तू मुलींना म्हणालास, "बघून घ्या, हे तुमचे गुडघे सांभाळणार आहेत." पोरी खदखदून हसल्या. व्हर्न हसला नाही. गुडघ्याची माती झटकत गाडीकडे गेला. तुझं म्हणणं बरोबर असतं ऑरिन, लहानपणापासून बरोबरच असतं. त्याचाच कधी कधी वैताग येतो.

बाकी ठीक. गेल्या मंगळवारी दुपारी टोर्नेडोच्या वावटळीचा भोंगा वाजला आणि अख्खं गाव अंधार पडेपर्यंत तळघरात. शाळेच्या मैदानावरचे गोल उडून कुंपणात अडकले. मारेनने पत्ते काढले आणि माझ्याकडून सगळे डाव उकळले, लबाडी करून. तिच्या पँट्स पुन्हा आखूड झाल्या आहेत.

लॉर्ना

—

बेकफर्ड
२ जून २००९

प्रिय ऑरिनमामा,

मी लिहिलंय हे आईला सांगू नकोस.

आमचा संघ तुझं वॉर्म-अप करत नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा केलं. मग व्हर्न कोच म्हणाले, "ज्यांना बॅले शिकायचाय त्यांनी मारेनच्या मामाकडे, मिस्टर ट्वेटकडे जावं, ज्यांना सॉकर खेळायचाय त्यांनी बॉल घ्यावा." सगळ्या हसल्या. मी पण हसले. त्यासाठी सॉरी.

इतर संघ पण करत नाहीत. आमच्या संघातल्या डॅनिकाची बहीण इडाबाईंकडे आहे, तिने सांगितलं.

मी घरी गॅरेजच्या काचेसमोर करून बघते. टेकताना उजवा गुडघा आत जातो, तू म्हणाला होतास तसाच. लक्ष दिलं तर सरळ राहतो, पण खेळताना लक्ष कोण देणार? आणि गुडघे टेकून पुढे झुकायचा व्यायाम एकटीला येत नाही, घोटे धरायला कोणीतरी लागतं.

तू व्हर्न कोचांना फोन करशील का? माझं नाव न घेता. तू बोललास तर ते चिडतील, पण करतील असं मला वाटतं. ते वाईट नाहीत.

तुझी,
मारेन

—

हार्लो लेक
१४ जून २००९

प्रिय लॉर्ना,

काल नॉर्थ फोर्क विभागाची वार्षिक सभा झाली. एकतीस गावांच्या लीगचे लोक, भरलेलं सभागृह, आणि मला पंचवीस मिनिटं. सवयीप्रमाणे घड्याळ लावून बोललो. चोवीस मिनिटं चाळीस सेकंद.

हाडांचे एक सर्जन पहिल्या रांगेत होते. उभे राहून म्हणाले, "मिस्टर ट्वेट, आपण हे कुठे शिकलात?" मी म्हणालो, "हार्लो लेक सार्वजनिक ग्रंथालय, खिडकीजवळचं टेबल." टाळ्या पडल्या. मी कधी कोणाकडून टाळ्या घेतल्या नाहीत लॉर्ना. भट्टी चालू झाली म्हणून टाळ्या कोण वाजवतं? त्यांना पटलं ते मात्र माझ्या बोलण्याने नाही, बेकफर्डच्या तक्त्यांनी. पडद्यावर एकेक दाखवले. नऊ संघ, शंभर टक्के. पुढच्या वसंतापासून एकतीसही गावांत माझा तक्ता सक्तीचा करायचं ठरलं आहे. हे श्रेय तुझंही आहे, आणि मी ते तिथे बोलून दाखवलं.

मारेनचं पत्र आलं होतं. गुणी पोर, घरीही सराव करते. एकटीने करताना घोटे सोफ्याखाली अडकवायचे असतात. आकृतीसह तिला कळवलं आहे.

ऑरिन

—

बेकफर्ड
१६ जुलै २००९

ऑरिन,

मारेनचा उजवा गुडघा गेला. शनिवारी, ११ तारखेला, स्पर्धेच्या दुसऱ्या सामन्यात.

कोणी धक्का दिला नाही. जवळ कोणी नव्हतंच. बॉल हेड करायला उडी मारली, टेकली, वळायला गेली आणि खाली बसली. मी रेषेबाहेर होते. मला आवाज ऐकू आला. ती ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, जणू चूक तिची होती. एमआरआय झालं. पुढचं लिगामेंट पूर्ण तुटलं आहे, आतली गादीही फाटली आहे. सूज उतरली की ऑपरेशन, मग किमान नऊ महिने.

आता तुला जे सांगायचं ते सांगते. तक्ते मी भरले.

पहिल्या आठवड्यात तीनच संघांचे आले. तुझ्या नियमाने सहा संघांचं मैदान काढून घ्यायचं होतं. शंभर पोरी, ऑरिन. त्यांचे आईबाप माझ्या दारात उभे राहिले असते. म्हणून कोचांकडून कोऱ्या तक्त्यांवर सह्या घेतल्या आणि रविवारी चर्चमधून आल्यावर स्वयंपाकघरात बसून चौकटी भरल्या. पुढच्या आठवड्यात ज्या तिघांनी केलं होतं त्यांनाही कळलं की नुसती सही पुरते. निळं पेन, काळं पेन, आलटून पालटून. दुसऱ्या रविवारपासून मला त्याचं काही वाटेनासं झालं.

व्हर्न हॉस्पिटलात आला होता. टोपी हातात घेऊन दारातच उभा. मी म्हटलं, आत ये. तो म्हणाला, "आठ मिनिटं दिली असती मी, लॉर्ना. खरंच दिली असती."

लॉर्ना

—

हार्लो लेक
२१ जुलै २००९

लॉर्ना,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर कामावर गेलो नाही. असं एकोणतीस वर्षांत घडलं नव्हतं.

तू माझ्याशी खोटं बोललीस. मी एकतीस गावांसमोर उभा राहून तुझ्या स्वयंपाकघरातले कागद खरे म्हणून दाखवले. त्या सर्जनच्या तोंडाकडे मी पुन्हा कसा बघू? सहा संघांचं मैदान काढून घ्यायचं होतंस. एक आठवडा ओरडले असते, दुसऱ्या आठवड्यात केलं असतं. नियम असतो तो त्यासाठीच. तुला कोणाला नाराज करायचं नव्हतं, आणि त्याची किंमत त्या पोरीने मोजली.

व्हर्नच्या आठ मिनिटांबद्दल पुन्हा लिहू नकोस. न दिलेली आठ मिनिटं कोणीही देऊ शकतो.

मारेनला सांग, बर्फ वीस मिनिटं ठेवायचा, मधे कापड घालून, आणि पाय छातीपेक्षा उंच.

ऑरिन

—

बेकफर्ड
९ ऑगस्ट २००९

ऑरिन,

काल मारेनला विचारलं, "मामाला तू जूनमध्ये काय लिहिलं होतंस गं?" तिने कुबड्या जवळ ओढल्या. मग म्हणाली, "तेच, की आम्ही करत नाही." मी म्हटलं, शक्य नाही, त्याने तर मला लिहिलं की तू घरी सराव करतेस म्हणून. ती कुबड्या घेऊन उठली आणि खणातून तुझं उत्तर काढून दिलं.

वरती सोफ्याची आकृती. सुरेख आहे. सोफ्याच्या पायाची उंचीसुद्धा लिहिली आहेस. आणि खाली दोन ओळी: "संघाबाबत, तुझ्या कोचशी वाद घालू नकोस. माझ्याकडे तक्ते आहेत आणि ते सगळं ठीक असल्याचं सांगतात."

चौदा वर्षांच्या पोरीने तुला खरं सांगितलं, आणि तू तिला माझा खोटा कागद दाखवलास.

आणखी एक. काल तक्त्यांच्या प्रती काढून बघितल्या. मी १९ मेच्या चौकटीही भरल्या होत्या. तो वावटळीचा मंगळवार, गावात एकही मैदान उघडं नव्हतं. चुकले, सवयीने हात चालला. पण तेच तक्ते मी तुला ज्या पाकिटातून पाठवले त्याच पाकिटात वावटळीचं पत्रही होतं. गुडघा अंगठ्याच्या रेषेत आहे की दुसऱ्या बोटाच्या, हे तुला रस्त्यापलीकडून दिसतं. हे दिसलं नाही?

उत्तर मला नको. तिला दे.

लॉर्ना

—

हार्लो लेक
६ सप्टेंबर २००९

प्रिय मारेन,

ऑपरेशन २२ तारखेला आहे असं सिग्नेने सांगितलं. ती तुला दर आठवड्याला फोन करते हे मला माहीत नव्हतं. मला ती महिन्यातून एकदा करते. तिचं ऐक. ऑपरेशननंतर पाय सरळ करायला दुखतो, पण पहिल्या दोन आठवड्यांत तो पूर्ण सरळ झाला पाहिजे. ते मी पुस्तकात वाचलं आहे, तिने सोसलं आहे.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं होतं. मला ते पहिल्याच वेळी समजलं होतं. त्याच्या आठवडाभर आधी १९ मेची तारीखही दिसली होती. नऊ तक्ते बाजूला काढले, मग परत गठ्ठ्यात ठेवले, सर्वांत खाली. सभा १३ जूनला होती. तुझ्या कोचला फोन केला असता तर सभेत दाखवायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं. एवढंच कारण. महिनाभर दुसरं कारण शोधत होतो, त्यात तुझ्या आईवर रागावूनही पाहिलं. दुसरं कारण नाही. माझी क्षमा कर असं लिहिणार होतो, पण तसं लिहिलं तर उत्तर देणं तुझ्या गळ्यात पडेल. म्हणून नाही लिहीत. तू बरोबर होतीस, एवढं मात्र माझ्या हस्ताक्षरात तुझ्याकडे असू दे.

विभागालाही खरं कळवलं. बेकफर्डचे सगळे तक्ते खोटे आहेत, हे मला सभेआधी माहीत होतं, माझं भाषण बाद समजावं. वाटलं, चौकशी होईल, मला बोलावतील, निदान चार शब्द सुनावतील. नऊ दिवसांनी उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते. तक्ता मात्र सगळ्या गावांना कळवून झाला आहे, विमावाल्यांनाही पसंत पडला आहे, तेव्हा तो राहील. सोबत छपाईचा नमुना होता, तपासून पाठवावा म्हणून.

मी पेन्सिल घेऊन बसलो. एका पायावर वाकायच्या आकृतीत त्यांच्या चित्रकाराने टाच उचललेली काढली होती. टाच जमिनीला चिकटलेली हवी, नाहीतर सगळा भार गुडघ्यावर येतो. ती खोडून नीट काढली, बाण काढला, समासात लिहिलं. अर्धा तास गेला असेल. मग खालच्या चौकटींकडे लक्ष गेलं. चौदाच्या चौदा चौकटींत बरोबरची खूण आधीच छापलेली होती. मिनिटांच्या जागी अठरा छापलेलं. कोचने फक्त सही करायची.

मी चौकटी कोऱ्या ठेवा असं वर लिहून नमुना परत पाठवला, आणि तो पोचल्यावर फोन केला. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, "मिस्टर ट्वेट, तुमच्याच पत्रावरून कळलं ना, की लोक तसंही नुसती सही करतात? आम्ही त्यांचा वेळ वाचवला, इतकंच." मी त्यांना बरंच काही बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की छपाई सोमवारी सुरू झाली आहे, आणि टाचेची माझी दुरुस्ती त्यांनी घेतली आहे.

तुझा,
ऑरिनमामा